पायातली चांदी

पायात चांदी घालावी आणि सोने कमरेच्या वरच असावे, असा दंडक महाराष्ट्रातील घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पैंजण, तोरड्या, वाळे, जोडवी ही सारी चांदीची. सोन्याच्या ठायी लक्ष्मीचा वास, तेव्हा पायाशी तिची अवहेलना नको, ही त्यामागील भावना होय. इंग्लंडात असला काही संकेत नव्हता. तरीही तेथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चांदी पायांतच मिरवत होती. आणि नवलाची गोष्ट अशी की, ती बायकांपेक्षा पुरुषांच्या पायांत अधिक होती. बुटाच्या दोन जिभा एकमेकींवर आणून त्या घट्ट धरून ठेवणारे चांदीचे बक्कल हाच तो दागिना. तो कसा आला, त्याने किती कारागिरांना पोसले आणि एका क्षुल्लक नाडीने त्या साऱ्यांच्या पोटावर पाय कसा दिला, ही हकीकत आर्थिक इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत चार ओळींत आटोपते. वस्तुतः तिला याहून अधिक जागा मिळावयास हवी.

पुढे आरमार खात्यात मोठ्या पदास चढलेला सॅम्युएल पीप्स याने २२ जानेवारी १६६० या दिवशी आपल्या रोजनिशीत, आजपासून आपण बुटांना बक्कले लावू लागलो, अशी नोंद करून ठेवली आहे. पीप्स हा नव्या पोशाखाचा मोठा शौकीन. त्याने मुद्दाम टिपून ठेवावे, यावरूनच ही चाल त्या वेळी किती नवी होती ते कळते. तत्पूर्वी सरदारमंडळी बुटांवर रेशमी फितींचे गेंद लावीत. फीत मळते, भिजते, विरते. धातूचे बक्कल वर्षानुवर्षे टिकते. शिवाय ते बुटाला कायमचे शिवलेले नसे. बूट झिजला तर टाकून द्यावा आणि बक्कल काढून नव्या बुटावर चढवावे, अशी सोय होती. त्यामुळे बक्कलाची जोडी ही पादत्राणाचा भाग न राहता दागिन्यांत मोडू लागली. तिला मखमलीची डबी आली, ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, आणि सुतकाच्या दिवसांत चांदीची जोडी डबीत ठेवून काळ्या रंगाची साधी जोडी घालण्याचा रिवाजही पडला.

या बक्कलाचे दोन भाग असत. वरचे दिसणारे कडे चांदीचे. आणि त्याच्या मागे, आडव्या दांडीवर फिरणारा, चामड्यात रुतून बसणारा काटा लोखंडाचा किंवा पोलादाचा. चांदी मऊ, तिचा काटा ओढाताणीत वाकला असता. अस्सल चांदीसुद्धा निव्वळ चांदी नसते. इंग्रजी कायद्याने मान्य केलेल्या चांदीत हजार भागांपैकी ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असे. या मिश्रणाचा एक गुण असा की, तीक्ष्ण कोरणीपुढे ते लोण्यासारखे कापले जाते आणि तरीही कापलेली कड ढासळत नाही. कोरीव काम करणाऱ्याला याहून अनुकूल धातू मिळणे कठीण.

कोरणाऱ्याचे हत्यार पाहिले तर अगदीच किरकोळ. पाणी दिलेल्या पोलादाची बोटभर लांबीची चौकोनी सळई, तिचे टोक तिरके घासून शंकरपाळ्याच्या आकाराचे केलेले, आणि मागे तळहातात मावेल अशी अळंब्यासारखी लाकडी मूठ. मुठीची खालची बाजू सपाट तासलेली असे, म्हणजे हत्यार धातूच्या पृष्ठाशी जवळजवळ समांतर धरता येई. चांदीचा तुकडा डांबरासारख्या चिकट लगद्यात घट्ट बसवावयाचा आणि तो वाळू भरलेल्या चामड्याच्या गोल उशीवर ठेवावयाचा. तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन त्यावर सुईने नक्षीची रेघ काढून घ्यावयाची. मग कोरणीचे टोक किंचित रुतवून पुढे लोटले की, चांदीची केसासारखी बारीक साल वळत वळत वर येते आणि मागे चकचकीत चर उमटतो. येथे पाहणाऱ्याची नेहमी एक चूक होते. वेलबुट्टीचे वळण उजव्या हाताने काढले असेल असे त्याला वाटते; प्रत्यक्षात उजवा हात जवळजवळ स्थिर असून डावा हात उशीवरचा तुकडा फिरवीत असतो. कुंभाराच्या चाकाचा आणि या उशीचा धर्म एकच. रेघ कोठे जाड, कोठे बारीक व्हावी हे दाब आणि हत्याराचा कल यांवर अवलंबून. दाब थोडा चुकला तर कोरणी सटकते आणि चांदीवर असा ओरखडा उठतो की, तो घासून काढण्यात अर्धा दिवस जावा. कधी ती डाव्या हाताच्या अंगठ्यातही शिरते.

अठराव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत या कलेत एक विशेष प्रकार इंग्लंडात फार मान्यता पावला. त्यात हत्याराची एक बाजू आरशासारखी घोटून ठेवीत. त्यामुळे ते चर पाडता पाडताच त्याची भिंत घोटून काढी आणि प्रत्येक छेद हिऱ्याच्या पैलूप्रमाणे चमके. त्या काळी मेजवान्या आणि नाच मेणबत्त्यांच्या उजेडात होत. नाचणाऱ्याचा पाय हलला की बुटावरच्या शेकडो बारीक पैलूंतून तो उजेड उसळे. विजेच्या स्थिर प्रकाशात, संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेल्या त्याच बक्कलात ती जादू दिसत नाही, आणि शंभर वर्षे घासूनपुसून पैलूंच्या कडाही बोथट झालेल्या असतात. नुसत्या त्या वस्तूकडे पाहून तिच्या कारागिराची पारख करणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

कारागीर म्हणजे बहुधा नाव नसलेला मनुष्य. चांदीच्या भांड्यावर मालकाच्या दुकानाचा शिक्का असे. कोरणाऱ्याची खूण क्वचितच. तथापि या कोरणीच्या तालमीतून बाहेर पडलेली दोन नावे इतिहासात राहिली. पहिले विल्यम होगार्थचे. लंडनमध्ये एलिस गॅम्बल नावाच्या चांदीवर कोरीव काम करणाऱ्याकडे तो १७१४ च्या सुमारास उमेदवार म्हणून राहिला. सरदारघराण्यांच्या कुलचिन्हांवरील सिंह, गरुड आणि कधीही अस्तित्वात नसलेले प्राणी कोरता कोरता तो कंटाळला आणि मुदत पुरी न करताच बाहेर पडून १७२० मध्ये त्याने स्वतःचा धंदा मांडला. इंग्लंडचा मुख्य प्रधान रॉबर्ट वॉलपोल याच्याकरिता १७२८–२९ मध्ये पॉल द लामरी या विख्यात चांदीकाराने एक मोठे तबक घडविले. ते पहिल्या जॉर्ज राजाच्या कारकीर्दीतील बाद झालेल्या राजमुद्रेच्या चांदीतून केलेले होते. त्यावरील कोरीव काम होगार्थचेच, असे जाणकार मानतात. ते तबक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाच होगार्थ पुढे तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून त्यांच्या छापील प्रती विकू लागला. लोकांनी त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला काढल्या, तेव्हा त्याने सहकाऱ्यांसह पार्लमेंटाकडे धाव घेतली, आणि १७३५ साली कोरीव चित्रांवर त्यांच्या कर्त्याला चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा झाला. कारागिराच्या हातातील रेघ ही त्याची मालमत्ता आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. दुसरे नाव टॉमस ब्यूइकचे. १७६७ साली चौदा वर्षांचा असताना तो न्यूकॅसल येथे राल्फ बील्बी याच्याकडे उमेदवार राहिला. शिक्के, घड्याळांच्या तबकड्या, शवपेटीवरच्या पाट्या, कुत्र्यांच्या गळपट्ट्या, चांदीवरची आद्याक्षरे, जे येईल ते तेथे कोरावे लागे. त्या रानवट कामाने आपले हात लोहाराच्या हातांसारखे झाले, असे त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे. आणि त्याच हातांनी पुढे लाकडाच्या ठोकळ्यावर पक्ष्याचे एकेक पीस कोरले!

असो. बक्कलांचा खरा पसारा लंडनमध्ये नव्हता. तो बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन आणि वॉल्सॉल या मध्य इंग्लंडातील गावांत होता. तेथे बटणे, बक्कले, डब्या, साखळ्या असल्या बारीक धातुकामाला ‘खेळणी’ म्हणत. १७५९ साली सॅम्युएल गार्बेट आणि जॉन टेलर या दोघा कारखानदारांनी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, तीत त्यांनी सांगितले की, बर्मिंगहॅम व आसपासच्या मुलखात या धंद्यावर निदान २०,००० माणसे राबतात, वर्षाला ६,००,००० पौंडांचा माल निघतो आणि त्यांपैकी सुमारे ५,००,००० पौंडांचा परदेशी जातो. एक कडे वाकवी, दुसरा कानशीने घाशी, तिसरा कोरी, चौथी बाई घोटी, आणि काटे वेगळ्याच घरी तयार होत. तयार मालात सोने, चांदी, पितळ, पोलाद, सारेच असे. ज्याला सोने परवडत नसे त्याच्यासाठी ख्रिस्टोफर पिंचबेक या घड्याळजीने शोधलेले तांबे-जस्ताचे पिवळे मिश्रण होते; ज्याला चांदी परवडत नसे त्याच्यासाठी तांब्यावर चांदीचा पत्रा वितळवून चिकटविण्याची शेफील्डची युक्ती होती. या दुसऱ्या प्रकारावर कोरणे मोठे जोखमीचे. कोरणी जरा खोल गेली की खालचे तांबे लाल डोळा उघडी! म्हणून मालकाचे चिन्ह कोरावयाचे त्या जागी अस्सल चांदीचा छोटा तुकडा आधीच बसवून ठेवीत. नकली मालालासुद्धा जेथे नाव घालावयाचे तेथे खरी चांदी लागते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वाफेच्या यंत्रामुळे जेम्स वॉटबरोबर ज्याचे नाव घेतात, तो मॅथ्यू बोल्टन याच बक्कलांच्या धंद्यातून वर आला. त्याचा बापही त्यातलाच. बोल्टनची पोलादी बक्कले फ्रान्सला जात आणि तेथून नवी फ्रेंच कलाकृती म्हणून परत इंग्लंडात येऊन चढ्या भावाने विकली जात, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून इंग्रजांना हसणाऱ्यांनी आपल्या घरातील परदेशी छापाच्या वस्तू एकदा तपासून पाहाव्यात. चांदीच्या मालाची मात्र बोल्टनला एक अडचण होती. कस लावून अधिकृत छाप मारण्याची सर्वांत जवळची कचेरी चेस्टरला. तेथवर माल खडखडत न्यावयाचा, परत आणावयाचा; त्यात उशीर होई, नासधूस होई आणि नवे नमुने चोरीस जाण्याचे भय असे. त्याने खटपट करून १७७३ साली पार्लमेंटकडून बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही गावांसाठी स्वतंत्र कचेऱ्यांचा कायदा करवून घेतला. बर्मिंगहॅमच्या वाट्याला जहाजाच्या नांगराचा छाप आला. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाला नांगर का, हा प्रश्न तेथे जाणाऱ्या पाहुण्याला हटकून पडतो.

दरम्यान बक्कल वाढत चालले होते. आरंभी ते अंगठ्याच्या नखाएवढे होते. १७७० नंतर फ्रान्सच्या राजपुत्राच्या, आर्त्वाच्या काउंटच्या, नावाने जी चाल आली तिने ते पावलाच्या दोन्ही कडांपर्यंत पोचविले. इंग्लंडचा युवराज जॉर्ज, जो पुढे चौथा जॉर्ज झाला, त्याने तर तरुणपणी स्वतःच एका नव्या बक्कलाची कल्पना काढली. एक इंच लांब आणि पाच इंच रुंद असे ते पाऊलभर पसरून दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकत असे. कादंबरीकार थॅकरे याने चार जॉर्ज राजांवरील आपल्या व्याख्यानांत या पराक्रमाची यथेच्छ टर उडविली आहे. परंतु बर्मिंगहॅमच्या कारागिराला त्यात हसण्यासारखे काही नव्हते. बक्कल जितके मोठे तितकी चांदी अधिक, कोरावयाची जागा अधिक आणि मजुरीही अधिक.

फुगा जितका मोठा, तितका तो फुटावयास सुई लहान पुरते. १७८९ मध्ये फ्रान्सात राज्यक्रांती झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्रसभेच्या सभासदांनी आपल्या बुटांची चांदीची बक्कले राष्ट्राच्या रित्या तिजोरीस अर्पण केली. चांदी पायात असणे ही आता सरंजामी मिजासीची खूण ठरली आणि साधी नाडी नागरिकाची. १७९२ च्या मार्चमध्ये अंतर्गत कारभाराचा मंत्री झालेला रोलां हा नाड्यांचे बूट घालून राजवाड्यात आला, तेव्हा दरबारच्या अधिकाऱ्याने घाबरून त्याच्या पायांकडे बोट दाखविले. आणि बरोबरचा मंत्री द्युमुरिए, आता सर्वस्वच बुडाले म्हणावयाचे, अशा अर्थाचे काहीतरी थट्टेने म्हणाला, अशी आख्यायिका आहे. पाच महिन्यांत राजसत्ता खरोखरच बुडाली.

इंग्लंडने फ्रान्सची क्रांती घेतली नाही, पण नाडी घेतली. बायकांत सपाता आल्या. त्यांना बक्कल लागतच नाही. पुरुषांत नाड्या आल्या. बर्मिंगहॅमचे १७९१ साल तसेही वाईट गेले होते. जुलैत तेथे धर्ममतांवरून दंगल होऊन जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाचे घर जाळण्यात आले, आणि गावाचा इतिहास लिहिणारा विल्यम हटन याचेही दुकान व घर त्यातून सुटले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्मिंगहॅम, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टन येथील बक्कलकारांचे शिष्टमंडळ लंडनला जाऊन युवराज जॉर्जला भेटले. त्या वेळी इकडे पुण्यात सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती. शिष्टमंडळाने अर्ज दिला. नाड्या आणि सपाता यांच्या चालीमुळे वीस हजारांहून अधिक माणसांवर उपासमारीची पाळी आली आहे, तरी युवराजांनी आपल्या उदाहरणाने लोकांस पुन्हा बक्कलांकडे वळवावे, अशी त्यात प्रार्थना होती.

हे लोक पार्लमेंटाकडे न जाता युवराजाकडे का गेले, याचा विचार करण्यासारखा आहे. नाडीवर कर बसवा, असे ते मागू शकले असते. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, केसांना लावावयाच्या पावडरीवर सरकारने कर बसविलाच. परंतु बक्कलकार चाळीचे मर्म ओळखून होते. जी गोष्ट राजपुत्राच्या पायातून खाली उतरत उतरत मुनिमाच्या पायापर्यंत आली, ती त्याच पायाने परत आणता येईल, असा त्यांचा हिशेब होता. आणि पाच इंची बक्कल शोधणारा पाय याहून दुसरा कोठला मिळणार? युवराजाने त्यांना सहानुभूतीने वागविले. स्वतः बक्कले वापरण्याचे त्याने कबूल केले आणि आपल्या घरच्या मानकऱ्यांना व नोकरांनाही तसा हुकूम दिला.

हुकूम पाळला गेला, आणि उपयोग काही झाला नाही. याचे कारण शोधू गेले तर युवराजाचा दोष दिसत नाही. चाल मोडण्याचा अधिकार वरच्यांकडे असतो, पण मोडलेली चाल हुकुमाने सांधता येत नाही. नोकरांच्या पायांत बक्कले दिसू लागल्यावर तर ती सभ्य गृहस्थाला अधिकच नकोशी झाली असतील. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपून बाहेरची गिऱ्हाइकेही तुटली. पुढे तंग लांब विजारी आणि उंच बूट आले. बक्कल लावावयास जागाच उरली नाही. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत ते दरबारी पोशाखापुरते शिल्लक राहिले.

बक्कलकारांविषयी कळवळा वाटतो, तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या चंचल लहरीने त्यांना बुडविले, त्याच लहरीवर त्यांनी सव्वाशे वर्षे नांगर टाकला होता. गेल्या साली घेतलेले बक्कल यंदा जुनाट दिसावे, यासाठीच त्यांची सारी कारागिरी राबत असे. तरी या हिशेबात मालक आणि मजूर यांना एकाच पारड्यात घालू नये. बोल्टनजवळ वाफेची यंत्रे होती, पुढे नाणी पाडण्याचा कारखाना होता. उशीवर चांदी फिरविण्यापलीकडे ज्याचा डावा हात दुसरे काही शिकला नव्हता, त्याच्याजवळ काय होते? वॉल्सॉलच्या काटेवाल्यांनी घोड्यांच्या सामानाची बक्कले करून पोट भरले, कारण घोड्याला पोशाखाच्या चाली नसतात. बारीक कोरणाऱ्यांपैकी काहींना लष्कराने आसरा दिला. फौजेतील इंग्रज अधिकारी छातीवरून तिरक्या जाणाऱ्या पट्ट्यावर धातूची एक पट्टी लावीत. ती आधी लंबवर्तुळाकार, पुढे चौकोनी. पदरच्या खर्चाने करून घ्यावयाची असल्यामुळे हौशी अधिकारी ती चांदीची करवीत आणि तीवर पलटणीचा आकडा व चिन्ह कोरून घेत. नांगराच्या छापाच्या अशा कित्येक पट्ट्या आजही संग्राहकांकडे आढळतात. १८५५ मध्ये तो पट्टा गणवेशातून गेला आणि कोरणीचे तेही गिऱ्हाईक सुटले.

हिंदुस्थानात ही पट्टी खालच्या चाकरांच्या अंगावर मात्र राहिली. कचेरीचे नाव कोरलेली पितळेची चपरास पट्ट्यावर लावणारा तो चपराशी. मुंबई इलाख्यात पट्ट्यावरूनच त्याचे नाव पडले, पट्टेवाला. चपरास हा शब्द फारसीतील ‘चप-ओ-रास्त’, म्हणजे डावे-उजवे, यावरून आला असे कोशकार सांगतात. आणि डाव्या-उजव्या टोकांना जोडणारे ते बक्कल, असाच त्याचा मूळ अर्थ.

चांदीच्या जुन्या बुटबक्कलांपैकी बहुतेक आटवून टाकण्यात आली. आपल्याकडे सराफकट्ट्यावरील धूळ धुऊन झारेकरी जसा सोन्याचा कण न्‌ कण वेचतो, तशीच तिकडेही चांदी वाया जाऊ देत नसत. ती चमच्यांत गेली, तबकांत गेली. मात्र ज्यांवर कोरीव काम विशेष होते, ती थोडी घराघरांतून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांत रुंद कमरपट्ट्यांची चाल आली, तेव्हा त्यांच्या नातसुनांनी ती जुन्या डब्यांतून बाहेर काढली, मागचा गंजलेला काटा उपटून टाकला, आणि आजोबांच्या पायातली चांदी कमरेला लावली. कड्याच्या दोन्ही बाजूंना, जेथे काट्याची दांडी बसत असे, तेथे दोन बारीक भोके राहतात. अशी भोके असलेले चांदीचे कमरबक्कल जुन्या बाजारात कोणाच्या हाती आले, तर ते उलटे करून पाहावे. एखाद्यावर नांगराचा छापही सापडतो.